वांगाची ट्यूब

आमच्या गावातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर घटकाभर उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतं, "दादा, वांगाची ट्यूब द्या." डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी दाखवतही नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बायका असतात, लग्न ठरलेल्या मुली असतात, हल्ली कॉलेजातली पोरंही असतात. "रात्री पातळ लावा" एवढं सांगून दुकानदार ट्यूब हातात ठेवतो. तीच ट्यूब मी लावत होते. तिनं माझ्या चेहऱ्याचं काय केलं ते सांगायलाच हवं, कारण आमच्या महिला मंडळातल्या कित्येकींच्या कपाटात ती अजून आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. परिपाठ मैदानावर, कवायत मैदानावर, पटनोंदणीला दारोदार फिरायचं ते भर एप्रिल-मेच्या उन्हात. पाळी जायच्या सुमारास दोन्ही गालांवर तपकिरी वांग उमटलं. पार्लरमधल्या ताईनं ट्यूबचं नाव कागदावर लिहून दिलं आणि म्हणाली, "काकू, पंधरा दिवसांत फरक बघा." फरक पडला, हे खरंच आहे. वांग फिकं झालं, चेहरा तुकतुकीत दिसायला लागला, भेटेल ती विचारायची काय लावतेस म्हणून. मग हळूहळू भाकरी करताना तव्याची धग सोसेना. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल केसांसारख्या बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, तोंडाभोवती पुरळ उठलं. ट्यूब बंद केली की दोन दिवसांत चेहरा मिरची चोळल्यासारखा पेटायचा. परत लावली की शांत व्हायचा. इथेच बायका अडकतात. ट्यूबनंच बरं वाटतं, अशी त्यांची खात्री पटते.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूब हातात घेऊन मागची बारीक अक्षरं मला वाचून दाखवली. मोमेटासोन हे स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन, अशी तीन औषधं तिच्यात एकत्र होती. त्या म्हणाल्या, "हे औषध मीही देते, पण थोडे आठवडे, पेशंट डोळ्यासमोर ठेवून, आणि वेळेवर थांबवते." स्टिरॉइड महिनोन् महिने चेहऱ्यावर राहिलं की त्वचा पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि औषध तोडलं की ती लाल होऊन उसळते. पुढचे कितीतरी महिने साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्या, एवढ्यावरच काढले. चेहरा शांत झाला. शिरा काही पूर्ण गेल्या नाहीत.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडची तीन नावं फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. चेहऱ्याच्या कुठल्याही ट्यूबवर यातलं एक दिसलं, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती लावायची नाही. खरं तर २०१८ साली सरकारनं अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्यासाठी मोठा पाठपुरावा केला होता. तरी ट्यूब काउंटरवरून सरकतेच आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. जिनं हे निमूटपणे सोसलंय ती बाई तक्रार करायला जात नाही. आपणच काहीतरी चुकीचं लावलं, असं म्हणून तोंडावर पदर घेते.

नाव-गाव नसलेली डबी तर त्याहून वाईट. उजळपणाच्या काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतो. काही वर्षांपूर्वी आपल्या अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा धागा घरात वापरल्या जाणाऱ्या क्रीमपर्यंत पोचला. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला मनाईच आहे. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली डबी कुणी प्रेमानं दिली तरी परत करा.

आता वयाबद्दल. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी उजवा हात खिडकीशी. निवृत्तीनंतर एकदा आंघोळीहून आले, दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले, आणि मी प्रथमच नीट पाहिलं. उजवा हात काळवंडलेला, रापलेला, सुरकुत्यांची जाळी पडलेला, ठिपक्याठिपक्यांचा. डावा कितीतरी नितळ. वय दोन्ही हातांचं एकच. उजवा गालही तसाच. काच लावून गाडी चालवली तरी यातून पूर्ण सुटका नसते, कारण त्वचा आतून जून करणारे अतिनील 'ए' किरण साध्या काचेतून बऱ्यापैकी पार होतात. तुम्हाला स्वतःवर बघायचं असेल तर दंडाची आतली बाजू बघा, काखेजवळची, जिथे ऊन पोचत नाही. तिथे दिसतं ते वय. तिच्यात आणि हाताच्या पाठीत जो फरक आहे, त्यातला बराचसा उन्हाचा.

हे कळल्यावर वयाचं किती आणि उन्हाचं किती, हा माझ्या मनातला गुंता सुटला. पाळी गेल्यावर पहिल्या पाचेक वर्षांतच त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. गाल उतरतात, मान सैल पडते, डोळ्यांच्या कडेला रेघा येतात. हे प्रत्येकीचं होतं आणि होऊ द्यावं. माझ्या कपाळावरच्या आडव्या रेघांना मी आता हात लावत नाही. केस रंगवणंही सोडलं, कारण डायमधल्या पीपीडी या रसायनानं मला खाज सुटायची. काळी मेहंदी म्हणून मिळते तिच्यातही बहुधा हेच रसायन असतं. मात्र ऊन अडवणं आपल्या हातात आहे, आणि ते साठीतही उपयोगी पडतं. आपल्या सावळ्या त्वचेला सुरकुत्या उशिरा येतात, डाग आणि वांग मात्र लवकर येतं, तेव्हा आपल्याला तर ते जास्तच गरजेचं.

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात बाहेर पडायचं तर छत्री, रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून गालांपर्यंत येणारा पदर घ्या. याला पैसा लागत नाही. भांगलणीला जाणाऱ्या बायका तोंडाला स्कार्फ बांधतात, ते अगदी योग्य करतात. सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० आणि पीए तीन अधिक एवढं पुरे. पण ते टिकलीएवढं लावून भागत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबच्या लांब रेघ ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. वांग असेल तर किंचित मातकट रंगाचं, लोहाचे ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन मागा. वांग नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतं, आणि पांढरं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही.

लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे काळे चट्टे पडतात. दिवाळीच्या उटण्यानं चेहरा खसाखसा घासू नका. या वयात त्वचेचं तेल आधीच आटलेलं असतं, म्हणून आंघोळ कोमट पाण्यानं, साबण काखा, जांघा, पाय यांनाच, आणि अंग ओलसर आहे तोवर खोबरेल किंवा व्हॅसलिन. थंडीत नडग्यांना फुटणारी रात्रीची खाज एवढ्यानं बरीच थांबते.

टिकलीचंही लक्षात ठेवा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनानं त्या जागचा रंग मरतो आणि कपाळावर कायमचा पांढरा ठिपका राहू शकतो. खाज किंवा लाली आली की त्याच दिवशी टिकली सोडा, कुंकू किंवा गंध लावा, आणि डॉक्टरांना दाखवा.

सगळंच वयावर ढकलून चालत नाही. महिन्याभरात न भरलेली जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, तळपायाला किंवा नखाखाली नव्यानं उमटलेला काळा डाग हे लगेच दाखवायचं. मान आणि काखा मखमलीसारख्या जाड व काळ्या व्हायला लागल्या तर त्या घासत बसू नका, रक्तातली साखर तपासा. अंगावर पुरळ नसताना खाज हटत नसेल, तर यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासावं लागतं.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते आणि खर्च खासगीपेक्षा फार कमी येतो. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. ट्यूब वर्षभर लावत असाल तर मनानं एकदम तोडू नका, कशी सोडायची ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारा. आणि किती दिवस लावली ते खरं सांगा, कमी करून सांगू नका.