हळदीतला बेंजो आणि जावयाच्या मेळ्यातला बँजो

प्रश्न : आमचं गाव ओवे, खारघरला लागून. जावई नोकरीनिमित्त अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात असतो. एप्रिलअखेरीस तो तिथल्या ‘मर्लफेस्ट’ नावाच्या संगीतमेळ्याला गेला होता. तिथे ‘ब्लूग्रास’ नावाचं संगीत वाजवणारे बँड येतात म्हणे. त्याने व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आपला बेंजो इथेही!’ पण व्हिडिओतलं वाद्य गोल, डफाला दांडा लावल्यासारखं. आमच्याकडे हळदीत वाजतो तो बेंजो पेटीसारखा, बटणांचा. मग दोन्ही एकच कसे? यातला खरा कुठला? आणि एवढे पाच जण वाजवतायत, पण एकाच्याही पुढ्यात ढोलकी नाही, हे कसं काय? – एक वाचक, ओवे (ता. पनवेल)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि जावईबापूंची गल्लत क्षम्य आहे. ही दोन वाद्यं एक नाहीत. एकाच्यापासून दुसरं निघालं असंही नाही. एक आफ्रिकेतून अमेरिकेत गेलं, दुसरं जपानमधून आपल्याकडे आलं. पण त्यामुळे आपला बेंजो खोटा ठरत नाही. सोयीसाठी इथे तिकडच्याला बँजो म्हणू आणि आपल्याला बेंजो.

आधी घरचा बेंजो बघू. पुढच्या हळदीत बेंजो वाजवणारे मास्तर चहाला उठले की जवळ जाऊन वाद्य नीट पाहा. लाकडाची लांबट, चपटी पेटी. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा. तारांच्या वर बटणांची ओळ. डाव्या हाताने बटण दाबलं की त्याच्याखालची धातूची पट्टी तारेवर टेकते, तारेचा कंप पावणारा भाग तेवढा आखूड होतो आणि स्वर चढतो. उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. सतारीच्या पडद्यांवर बोट जे काम करतं, ते इथे बटण करतं.

ही युक्ती १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी काढली. जपानचं पारंपरिक कोतो हे मोठं तंतुवाद्य शिकायला वर्षं लागतात. मोरितांना घरात कुणालाही वाजवता येईल असं काहीतरी हवं होतं. टाइपरायटर तेव्हा नवलाईचा होता, त्याच्या कळा त्यांनी तारांवर बसवल्या. त्या वर्षी जपानमध्ये ताइशो सम्राटाची राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव पडलं ताइशोगोतो. पुढे जहाजांतून ते हिंदुस्थानच्या बंदरांत उतरलं. इथल्या कारागिरांनी ते बनवायला घेतलं आणि त्याला बुलबुलतरंग हे गोड नाव मिळालं. जपानी बँजो, इंडियन बँजो अशाही नावांनी ते ओळखलं जाई. त्यातला जपानही गळला, इंडियनही गळलं आणि उरला तो बेंजो. कराची आणि मकरान किनाऱ्यावरच्या बलुच लोकांनी हेच वाद्य उचललं, ते त्याला बेंजू म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ताराब गाण्यांच्या साथीलाही ते पोहोचलं. हिंदी महासागराच्या तीन काठांवर एकच जपानी पेटी लग्नसमारंभात वाजते आहे, आणि तिन्हीकडचे लोक तिला आपली म्हणतात. यात कुणाचं चुकतं आहे असं मला वाटत नाही.

आता, ओव्यापासून उरणपर्यंत आगरी-कोळी गावांत बेंजोच का रुजला? तर त्याच्यावर गाण्याचे शब्द ‘बोलतात’. नुसत्या ढोलताशावर कुठलं गाणं चाललंय ते कळत नाही, बेंजोवर पहिली ओळ वाजली की मांडवातल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे ओळखतात आणि गळा लावतात. शिवाय तो कानाने शिकता येतो. स्वरलिपी लागत नाही, गुरूच्या पायाशी बारा वर्षं बसावं लागत नाही. अडचण एकच होती. नुसत्या पेटीचा आवाज किरकोळ. ढोलाशेजारी तो मरायचा. तारांखाली पिकअप बसला, ॲम्प्लिफायर आला, ढकलगाडीवर भोंगे आणि मागे जनरेटर आला, तेव्हा कुठे बेंजो पुढे सरकला आणि पार्टीच त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आज ढोल, ताशा, कीबोर्ड, ऑक्टोपॅड असं सगळं असलं तरी सुपारी घेतली जाते ती ‘बेंजो पार्टी’ची. रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट केला, रितेश देशमुखला घेऊन, तो याच मंडळींवर होता. तेव्हा पडद्यावरचं नाव ऐकून कुणी अमेरिकी वाद्याची अपेक्षा ठेवून गेलं असेल, तर त्याचीही तुमच्या जावयासारखीच गंमत झाली असणार.

आता तिकडचा बँजो. याच्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की तो गोऱ्या अमेरिकी शेतकऱ्यांचं वाद्य आहे. सिनेमात कायम टोपी घातलेला गोरा माणूस ओसरीवर बसून तो वाजवताना दाखवतात, म्हणून असं वाटतं. प्रत्यक्षात तो आणला पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी. वाद्य हातात घेऊन जहाजात चढण्याची मुभा त्यांना नव्हतीच, त्यांनी ते डोक्यात नेलं आणि तिकडच्या भोपळ्यांपासून पुन्हा बनवलं. भोपळा कापायचा, तोंडावर कातडं ताणायचं, दांडा खोचायचा, तारा लावायच्या. सेनेगल-गांबियाच्या जोला लोकांचं अकोंटिंग आजही असंच असतं. हान्स स्लोन या डॉक्टरने १६८७-८८ मध्ये जमैकात गुलामांच्या हातात अशी वाद्यं पाहिली आणि पुढे छापून ठेवली. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वादकांनी ते उचललं, आणि तेही चेहऱ्याला काळं फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या तमाशांतून. मग कारखान्यांत लाकडी कडं, धातूचे चाप असा आजचा घाट आला आणि मूळ धनी विस्मरणात गेले. २००५ साली उभ्या राहिलेल्या ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या काळ्या तरुणांच्या बँडने जो थॉम्पसन या वृद्ध काळ्या फिडलवादकाकडून जुन्या चाली शिकून घेतल्या आणि हा इतिहास पुन्हा रंगमंचावर आणला. त्यांच्या एका अल्बमला ग्रॅमीही मिळाली.

म्हणजे तिकडचा बँजो हे मुळात कातड्यावर ताणलेल्या तारांचं वाद्य. मग आपल्याकडे त्याच्या जवळचं कोण? बेंजो नव्हे. सरोद. सरोदच्या पोटावरही कातडंच असतं. आणि त्याहून घरचं उदाहरण हवं असेल तर शाहिराच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्याचं तुणतुणं पाहा. लाकडी नळकांडं, तळाला कातडं, त्यातून निघालेली एक तार आणि बाजूला काठी. पोवाड्याला सतत एक स्वर देत राहणं एवढंच त्याचं काम. अमेरिकी बँजोला जी पाचवी, आखूड तार असते, तीही बरीचशी असंच काम करते. अंगठ्याने मधूनमधून छेडायची, तिचा स्वर बदलत नाही.

कातडं असलं की आवाज मोठा होतो. पण तो टिकत नाही. ताणलेलं पातळ कातडं तारेची शक्ती झटकन हवेत सोडून देतं. ठणकन वाजतं आणि संपतं. गिटारची जाड लाकडी पाटी तीच शक्ती जपून खर्च करते, म्हणून गिटारचा स्वर रेंगाळतो. मग बँजोवर लांब सूर कसा धरायचा? धरायचाच नाही, हे उत्तर अर्ल स्क्रग्ज या नॉर्थ कॅरोलायनाच्याच पोराने पक्कं केलं. अंगठा आणि दोन बोटांना नख्या लावून तो तिन्ही बोटं आळीपाळीने इतक्या वेगाने चालवी, की एक स्वर विझायच्या आत दुसरा हजर. तुम्ही व्हिडिओत ऐकलात तो पावसाच्या सरीसारखा आवाज त्याचाच. आपल्या बेंजो मास्तरांपुढेही तारेचा सूर लवकर विझण्याची अडचण आहेच. त्यांनी दुसरा मार्ग काढला. एकाच स्वरावर नखी खालीवर, खालीवर भरभर फिरवायची. लांब ओळीवर त्यांचं मनगट कसं थरथरतं ते पाहिलंत तर लगेच लक्षात येईल.

आता ढोलकी. ती का नाही, हे कळायला ब्लूग्रास काय आहे ते पाहावं लागेल, आणि इथे दुसरा गैरसमज आडवा येतो. लोकांना वाटतं हे शेकडो वर्षांचं डोंगरी लोकसंगीत. चाली जुन्या आहेत हे खरं, पण हा बाज रेडिओच्या जमान्यातला आहे. केंटकी राज्यातल्या बिल मन्रो या मँडोलिनवादकाने आपल्या बँडला राज्याच्या टोपणनावावरून ‘ब्लू ग्रास बॉइज’ म्हटलं होतं. १९४५ च्या डिसेंबरात एकविसाव्या वर्षी अर्ल स्क्रग्ज त्यात आला आणि सगळं जमून आलं. पुढे बँडचं नाव संगीतप्रकाराला चिकटलं. मँडोलिन, बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिन, गिटार आणि माणसाएवढा उभा बास, ही पाच वाद्यं. नॅशव्हिलच्या ज्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ रेडिओ कार्यक्रमातून हे संगीत घराघरांत गेलं, तिथे ड्रम बराच काळ वर्ज्यच होते.

मग ठेका कोण धरतं? वाद्यं आपापसांत वाटून घेतात. बास मात्रेवर पडतो, आणि मधल्या रिकाम्या जागेत मँडोलिनवाला तारा छेडून लगेच दाबतो, त्याचा ‘चक्’ असा कोरडा आवाज येतो. धा आणि ना दोघांत वाटले म्हणा. एकेकाळी सगळ्यांना मिळून एकच मायक्रोफोन असे. ज्याची पाळी तो पुढे सरकणार, वाजवणार, मागे होणार. जुन्या वळणाचे बँड आजही हौसेने तसे उभे राहतात. व्हिडिओत माणसं सारखी एकमेकांना चुकवत पुढेमागे होताना दिसली असतील, तर तो नाच नव्हे. ती माइकची रांग आहे. तिकडे जमाव गवतावर खुर्च्या टाकून ऐकायला बसतो. आपल्याकडे ऐकायला कोण बसतं? हळदीत नाचायचं असतं, वरातीत चालायचं असतं, तेव्हा चामडं हवंच. बेंजो पार्टीत बहुतेक जण तालाचे आणि एकदोघे सुराचे, तिकडे पाचही सुराचे.

अशा बँडांचा मेळा भरवायची प्रथाही फार जुनी नाही. अनेक दिवस चालणारा पहिला ब्लूग्रास मेळा कार्लटन हेनी यांनी १९६५ च्या सप्टेंबरात व्हर्जिनियातल्या फिनकॅसलजवळ भरवला. तुमचा जावई गेला तो मर्लफेस्ट १९८८ पासूनचा. डॉक वॉटसन हे दृष्टिहीन गिटारवादक, त्यांचा मुलगा मर्ल १९८५ मध्ये अपघातात गेला, त्याच्या स्मरणार्थ विल्क्सबरो गावच्या कॉलेजच्या आवारात हा मेळा भरतो. तिथे फक्त ब्लूग्रास चालतं असं नाही. डॉक म्हणत, परंपरा आणि त्यात अजून तुम्हाला जे वाजवावंसं वाटेल ते. त्यामुळे ब्लूज, गॉस्पेल, जुनी फिडलची गाणी, सगळं असतं. बून गावात औषधाच्या दुकानाबाहेर फुटपाथवर वाजवणारी काही पोरं डॉक यांच्या मुलीने ऐकली, वडिलांना आणून ऐकवली आणि डॉकनी त्यांना मेळ्याचं आमंत्रण दिलं. ‘ओल्ड क्रो मेडिसिन शो’ हा आजचा नावाजलेला बँड तो हाच.

यावर तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मीच घेतो, कारण तो मला वारंवार ऐकू येतो : बेंजोला लोककला म्हणायचं का? शिकलेली मंडळी नाक मुरडतात. खरी परंपरा म्हणजे धवलारिणीचे धवळे, फार तर सनई-ढोल-टिमकीचा खालुबाजा, बेंजो हा नुसता गोंगाट, असं त्यांचं मत. धवळ्यांचा मान मोठा आहे यात वाद नाही. मराठीत धवळे रचणारी महदंबा तेराव्या शतकातली, आणि आगरी लग्नात भटजींच्या जोडीला धवलारीण आजही गाते. पण ब्लूग्रासला ‘मुळांचं संगीत’ म्हणून डोक्यावर घ्यायचं आणि बेंजोला हाकलायचं, हे मला पटत नाही. वयाने दोघं जवळपास सारखे आहेत. दोघेही परक्या वाद्यावर आणि विजेच्या तारेवर वाढले. फरक एवढाच, की तिकडे स्क्रग्जच्या एकेका तानेवर पुस्तकं निघाली आणि आपल्याकडच्या बेंजो मास्तरांची नावंही गावाबाहेर कुणी टिपून ठेवली नाहीत.

दोन्हीकडचं एकत्र ऐकायचं असेल तर बेला फ्लेक यांचा बँजो ऐका. बँजोचं मूळ शोधत ते आफ्रिकेत फिरले, त्यावर माहितीपट झाला. आपले माहीमचे झाकिर हुसेन, बासरीवादक राकेश चौरसिया आणि बासवादक एडगर मायर यांच्यासोबत त्यांनी २०२३ मध्ये ‘ॲज वी स्पीक’ हा अल्बम केला आणि पुढच्या वर्षी या चौघांना दोन ग्रॅमी मिळाल्या. तबल्याशेजारी बँजो अवघडल्यासारखा वाटत नाही. त्याच्या अंगातही कातडंच आहे.

राहता राहिलं जावईबापूंचं. त्यांनी पुढच्या लग्नात बँजो आणायचं ठरवलंच, तर आपल्या दमट हवेची भीती बाळगू नये. जुनं कातडं पावसाळी हवेत सैल पडे, ताशा-हलगीला जाळ दाखवतात तसा प्रकार करावा लागे. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून बहुतेक बँजोंवर प्लास्टिकचा पडदा असतो. आल्या आल्या आपल्या मास्तरांबरोबर बसून दोघांचा षड्ज जुळवून घ्यावा. बँजोच्या मोकळ्या तारा बहुधा ‘जी’ या स्वरसमूहात लावलेल्या असतात, मास्तरांची पट्टी निराळी असली तर दांड्यावर कॅपो नावाचा चाप लावून स्वर चढवता येतो. पाचव्या आखूड तारेची सोय वेगळी करावी लागते, ती विसरू नये. आणि बँजोपुढेही माइक ठेवायला सांगा, नाहीतर ताशाखाली तो ऐकूच यायचा नाही. फक्त हे सगळं लवकर सुरू करा. भोंग्यांना रात्री दहाची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातलेली आहे, आणि ओव्याच्या आजूबाजूला आता इतके टॉवर उभे राहिलेत की दहा वाजून पाच मिनिटांनी कुणीतरी फोन लावतोच.