जुन्या कळपात नवी पिले

गेल्या वर्षी उन्हाळा सरत असताना एका महिला बचत गटाच्या बैठकीस उपस्थित राहण्याचा योग आला. गटाने कर्ज काढून वराहपालन आरंभिले होते. खुराड्यात सात-आठ महिन्यांची पाच डुकरे होती. त्यांच्या जोडीस दोन महिन्यांची सहा पिले विकत आणण्यात आली आणि टेम्पोतून उतरविताच, भर दुपारी, मोठ्यांच्या कप्प्यात सोडण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिलू मरून पडलेले होते, दोघांचे कान फाटले होते आणि उरलेली तीन भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "साहेब, रोग नाही, साथ नाही. आपल्याच जनावरांनी आपलीच जनावरं मारली. आता हप्ता कुठनं भरायचा?"

प्रस्तुत लेखकाने पदवी संपादन केली ती इतिहास आणि मराठी वाङ्मय हे विषय घेऊन. साहजिकच त्या दिवशी मौन पाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे पशुवैद्यकांशी झालेली चर्चा आणि थोडेबहुत वाचन यांतून जे हाती आले, ते वराहपालन करणाऱ्या बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

भांडण कशासाठी?

डुक्कर हा कळपाने राहणारा आणि विलक्षण बुद्धिमान प्राणी आहे. आपल्या कळपातील प्रत्येक जनावर तो मुख्यतः वासावरून ओळखतो आणि त्याचे आपल्याशी असलेले नातेही लक्षात ठेवतो. कोणी आधी खावयाचे, कोणी वाट सोडावयाची, सावलीची जागा कोणाची, हे सारे ठरलेले असते. या मानाच्या क्रमाची सुरुवात तर जन्मापासूनच होते. पिलू सुईसारखे टोकदार आठ दात घेऊनच जन्मास येते, आणि पहिल्या काही दिवसांतच एका वेतातील पिले आईचे सड आपसांत वाटून घेतात. त्यानंतर प्रत्येक पिलू बहुधा आपापल्या सडाशीच जाते व तंटा थांबतो.

क्रम एकदा ठरला की भांडणाचे कारण उरत नाही. मोठ्याने नुसते तोंड वळविले तरी धाकटा बाजूस होतो. परंतु अनोळखी जनावर आत आले की ही घडी विस्कटते. रेल्वेच्या डब्यात आधीपासून बसलेले प्रवासी पुढच्या स्थानकावर चढणाऱ्यांकडे ज्या नजरेने पाहतात, तीच नजर येथेही असते; फरक एवढाच की डुकरे केवळ पाहून थांबत नाहीत. तेव्हा या भांडणास जनावराचा दुष्टपणा समजून काठी उगारणे व्यर्थ होय. काठीने भांडण मिटत नाही, केवळ लांबते.

एडिंबरो येथे स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी पाळीव डुकरे मोकळ्या, झाडाझुडपांच्या आवारात सोडून त्यांच्या वागणुकीचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. पिढ्यान् पिढ्या बंदिस्त जागेत वाढलेली ही जनावरे मोकळी होताच रानडुकरांसारखी वागू लागली. मादी विण्यापूर्वी कळपापासून दूर जाई, काटक्याकुटक्यांचे घरटे करी आणि साधारणतः दहा दिवसांनी पिलांना घेऊन कळपात परते. म्हणजे निसर्गात पिलू कळपात येते ते अगदी कोवळ्या वयात, आईच्या पाठोपाठ, आणि पळावयास रान मोकळे असताना. आपण मात्र त्यास दोन महिन्यांचे झाल्यावर, आईवाचून, चार भिंतींच्या आत एका क्षणात सोडतो.

आधी ओळख, मग मिसळण

विकत आणलेली पिले आल्याबरोबर जुन्या जनावरांजवळ नेऊच नयेत. तीन ते चार आठवडे ती दूर, स्वतंत्र जागी ठेवावीत. त्यांची भांडी, झाडू व शक्यतो काळजी घेणारा माणूसही वेगळा असावा. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग भारतात प्रथम 2020 मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. त्यावर उपचार नाही, आणि एका बाधित पिलापायी सारे खुराडे रिकामे होऊ शकते. हॉटेलातील खरकटे खाऊ घालणाऱ्यांनी ते चांगले उकळूनच घालावे, हेही याच ओघात सांगावयास हवे. जंतनाशक औषध आणि स्वाइन फीवरची लस ही कामे याच मुदतीत पशुवैद्यकांच्या सल्ल्याने उरकून घ्यावीत. घरच्याच मादीची पिले असतील, तर दूध तोडणे आणि कळपात मिसळणे या दोन गोष्टी एकाच दिवशी करू नयेत. प्रथम आईस बाजूला न्यावे आणि पिले आठवडाभर ओळखीच्या जागेतच राहू द्यावीत.

त्यानंतर आठ-पंधरा दिवस जुनी व नवी जनावरे शेजारी-शेजारी, मध्ये मजबूत जाळी किंवा लोखंडी गज घालून ठेवावीत. वास येतो, आवाज ओळखीचा होतो, परंतु दात पोहोचत नाहीत. अंगावर फिनेल किंवा उग्र वासाचे तेल शिंपडून सर्वांचा वास एक करण्याची युक्ती अनेकजण सांगतात. त्याने भांडण फार तर काही वेळ पुढे ढकलले जाते. वास उडाला की मूळ प्रश्न जागच्या जागी असतो.

मिसळण्यासाठी संध्याकाळची थंड वेळ निवडावी. डुकरास माणसासारखा घाम येत नाही. भर उन्हात झालेली झटापट व धावपळ जखमेवाचूनही त्याचा प्राण घेऊ शकते. बचत गटाचे जे पिलू दगावले, त्याच्या अंगावर म्हणावी तशी जखम नव्हती, असे नंतर कळले. सर्वांना आधी पोटभर खाऊ घालावे. कप्पा जुन्या डुकरांच्या नित्याच्या वहिवाटीचा नसून दोघांनाही नवा असेल तर उत्तम. ते शक्य नसल्यास निदान धुऊन, नवा पेंढा टाकून घ्यावा. पेंढा उकरण्यात जनावराचे लक्ष गुंतते.

एकटे पिलू कधीही सोडू नये. एकाच वेतातील किंवा एकत्र वाढलेली तीन-चार पिले बरोबरच सोडावीत, म्हणजे मार एकाच्याच वाट्यास येत नाही. एरवी वाढत्या डुकरास छपराखाली एक ते दीड चौरस मीटर जागा पुरते. या दिवसांत मात्र त्याहून अधिक जागा, आणि जोडीस मोकळे आवार असावे. हरलेल्यास पाठ फिरवून दूर जाता आले तरच भांडण संपते. कोपऱ्यात सापडलेल्यास शरण जाण्याचीही सोय नसते. म्हणून एका बाजूस आडवे गज लावून अशी सांद ठेवावी की तीतून लहान पिलू सरकेल, पण मोठ्याचे खांदे अडकतील.

पैदाशीचा नर, नुकतीच फळलेली मादी आणि व्यायलेली मादी यांच्यात नवी जनावरे मिसळूच नयेत. नराचे सुळे घातक असतात. गर्भधारणेच्या पहिल्या महिन्यात मादीस असा त्रास झाल्यास गर्भ न टिकण्याचा धोका असतो, आणि लेकुरवाळी मादी परक्या पिलाची गय करीत नाही.

गव्हाणीवरचे मुके नुकसान

पहिले चोवीस तास सर्वांत कठीण. दोन-तीन दिवसांत आरडाओरड थांबते. या काळात रात्रीही एक-दोन फेऱ्या माराव्यात. खांद्याने रेटारेटी, मानेस व कानास चावे, मग एकाने माघार घेणे, इथपर्यंत मध्ये पडण्याचे कारण नाही. पळणाऱ्याचा पाठलाग थांबत नसेल किंवा पिलू धापा टाकीत पडून राहिले असेल, तर त्यास तत्काळ बाहेर काढून पाणी व सावली द्यावी. जखमाही वाचता याव्यात. मान, कान व खांदे यांवरील ओरखडे समोरासमोरच्या झुंजीचे असतात. पाठीमागचा भाग व शेपटीकडील चावे हे पळणाऱ्यास छळल्याची खूण होय. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य पाण्याने धुऊन माश्यांपासून जपावी, विशेषतः पावसाळ्यात.

येथे एक गोष्ट वरवर पाहता उलटी वाटेल. सारख्या वजनाच्या अनोळखी डुकरांची झुंज दीर्घकाळ चालते. मोठ्या व लहानाची मात्र चटकन आटोपते, कारण निकाल आधीच ठरलेला असतो. यावरून पुष्कळ पालक समजतात की पिले रुळली. वास्तविक खरे नुकसान यानंतर सुरू होते. मोठे डुक्कर गव्हाणीशी उभे राहते आणि पिलू दूरूनच पाहते. ते ओरडत नाही, त्यास जखमही दिसत नाही. केवळ त्याचे वजन वाढत नाही, आणि महिन्याभराने बाजारात त्याची किंमत होताना ते ध्यानात येते. जखमी पिलू सर्वांना दिसते, उपाशी पिलू हिशेबाच्या वहीतच दिसते.

यासाठी खाद्य एकाच कुंडात न घालता एकमेकांपासून लांब अशा तीन-चार ठिकाणी घालावे, आणि एक कुंड सांदीच्या आत, पिलांपुरते असावे. पाणीही दोन ठिकाणी हवे. पहिले पंधरा दिवस सर्वांत शेवटी खाणारे पिलू कोणते, याकडे रोज लक्ष द्यावे आणि आठवड्यातून एकदा त्याचे वजन करावे. वजनकाटा नसल्यास पाठीच्या कण्यावरून हात फिरवावा.

कळप एक झाला की नाही हे रात्री कंदील वा टॉर्च घेऊन पाहिल्यास समजते. नवी पिले जुन्यांच्या अंगास अंग लावून, एकाच ढिगात निजली असतील तर काम झाले. ती शेणामुताच्या ओल्या कोपऱ्यात वेगळी पडून असतील, तर दिवसा कितीही शांतता दिसो, त्यांना अद्याप जागा मिळालेली नाही. आठ-दहा दिवसांनंतरही तसेच दिसल्यास सर्वांत लहान दोन पिले जोडीनेच बाहेर काढावीत, एकेकटी नव्हे, आणि त्यांच्या वजनाच्या जनावरांबरोबर वाढवावीत.