खुर्ची ढकलून खांदे मजबूत होत नाहीत का?

प्रश्न : आमच्या शेजारचा मुलगा व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतो. दिवसभर हातांनीच खुर्ची चालवतो. तरी त्याचे प्रशिक्षक त्याला वजनं उचलायला जिममध्ये पाठवतात. एवढे हात वापरल्यावर आणखी ताण दिला तर खांदे दुखावणार नाहीत का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण ती वजनं खांदे वाचवण्यासाठीच आहेत. खांद्याची खोबण उथळ असते, म्हणून हात चहूकडे फिरतो. सांधा जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू. खुर्ची ढकलताना छातीचे आणि खांद्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू तेच काम पुन्हा पुन्हा करतात. पाठीकडचे स्नायू त्या मानाने कमजोर राहतात. मग खांदे पुढे झुकतात आणि सांध्यातल्या अरुंद जागेतून जाणारे स्नायुबंध घासायला लागतात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत जायचं तेही याच हातांवर. त्यामुळे खांदा दुखला तरी त्याला पुरती विश्रांती देता येत नाही. म्हणून जाणकार प्रशिक्षक ओढण्याच्या व्यायामावर भर देतात : रोइंग, रबरी पट्टा छातीकडे ओढणं, कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवणं.

कोणता व्यायाम द्यायचा हे खेळावरूनही ठरतं. सांगली जिल्ह्यातले सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं. त्यांच्या डाव्या हाताला अपंगत्व आहे, पण गोळाफेकीचा जोर पायांतून आणि कमरेतून वर येतो. त्यामुळे अशा खेळाडूचे पाय आणि कंबर इतर कोणत्याही गोळाफेकपटूइतकीच कसून तयार करावी लागतात.

मज्जारज्जूला इजा असेल तर मात्र काही पथ्यं कटाक्षाने पाळावी लागतात. धड सावरत नसेल तर वजन उचलताना पट्ट्याने बाकाला बांधून घ्यावं. इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही, म्हणून उन्हाळ्यात सावली, पाण्याचा फवारा आणि मधूनमधून विश्रांती हवी. मानेच्या मणक्याला गंभीर इजा असेल तर कितीही जोर लावला तरी नाडीचे ठोके बहुधा मिनिटाला १३० च्या पुढे जात नाहीत. तिथे घड्याळावरच्या आकड्यापेक्षा खेळाडूला किती दम लागला हे त्यालाच विचारावं. संवेदना नसलेल्या जागी त्वचा लाल झाली आहे का, हे सरावानंतर रोज पाहावं. आणि अचानक डोकं ठणकून चेहरा लाल झाला, तर व्यायाम तिथेच थांबवून खेळाडूला ताठ बसवावं आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

तेव्हा त्या मुलाला जिमला जाऊ द्या, आणि तुमच्या ओळखीच्या जिमच्या दारात पायऱ्याच असतील तर मालकांना उतार बांधायला जरूर सांगा.