कितीपैकी किती?

पनवेल परिसरात परिचारिका आणि फिजिओथेरपीचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना मी संख्याशास्त्र शिकवतो. ‘सर, आम्हाला रुग्णसेवा करायची आहे. मग हे गणित कशाला?’ हा प्रश्न दर वर्षी पहिल्याच तासाला येतो. उत्तरादाखल मी आपल्या रायगड जिल्ह्यातल्याच विंचवाचा विषय काढतो.

एका वर्षी एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘आमच्या वाडीतला भगत विंचू उतरवतो. दहातले नऊ बरे होतात.’ मी फळ्यावर तो आकडा लिहिला. त्याखाली दुसरा लिहिला. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात लाल विंचवाच्या दंशाने दवाखान्यात दाखल झालेल्या १०० रुग्णांपैकी २५ ते ३० दगावत. वर्गात हशा पिकला. ‘मग भगतच बरा की!’

वाचकहो, चूक कुठे झाली? भगताकडे विंचू चावलेला प्रत्येक जण जातो. त्यातल्या बऱ्याच जणांना नुसत्या वेदना होतात आणि काहीही न करता त्या थांबतात. दवाखान्यात मात्र घामाने निथळणारे, छातीत पाणी झालेले रुग्ण येत. दोन्ही ठिकाणचे ‘कितीपैकी’ वेगळे होते. रुग्ण सारखे नसतील, तर टक्केवारीची तुलना फसवी ठरते. हे मी समजावत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, ‘सर, माझा चुलतभाऊ त्या दहाव्यातला.’ वर्ग एकदम शांत झाला. त्या दिवसानंतर ‘गणित कशाला?’ असे कोणी विचारले नाही.

पुढचा धडा महाडचा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाच्या प्रत्येक रुग्णाजवळ बसून ते नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवत. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध वापरले आणि मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आधी वही नीट भरली, म्हणूनच औषधाचा गुण पुढे दाखवता आला.

तरीही मी विद्यार्थ्यांना एक शंका काढायला लावतो. ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ यांच्या तुलनेत रस्ते सुधारले असतील, रुग्ण लवकर येऊ लागले असतील. म्हणून एकाच वेळी, सारख्याच रुग्णांचे दोन गट हवेत आणि कोण कोणत्या गटात जाईल ते डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे, चिठ्ठी काढल्यासारखे ठरायला हवे. महाडला असा अभ्यास झाला. तो २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. एकूण रुग्ण ७०. प्राझोसिन सर्वांनाच दिले, ३५ जणांना त्याशिवाय विंचवाचे प्रतिविषही दिले. दहा तासांनी प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ पूर्ण बरे होते, तर नुसते प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८.

हा योगायोग असेल का? ते आम्ही वर्गातच वालाचे दाणे घेऊन तपासतो. बरे झालेले एकूण ४०, म्हणून ७० पैकी ४० दाण्यांवर शाईचा ठिपका. प्रतिविषाचा काहीच उपयोग नसता, तर हे ४० जण दोन्ही गटांत साधारण सारखेच विखुरले असते. आता डोळे मिटून ३५ दाणे काढायचे आणि ठिपकेवाले मोजायचे. कोणाला १८ मिळतात, कोणाला २१. गेल्या खेपेला अख्ख्या वर्गातला सर्वांत मोठा आकडा २४ होता. ३२ आजवर कोणालाच मिळालेले नाहीत. म्हणजे हे नशिबाचे काम नव्हे, औषधाचे. परीक्षेत याच विचाराला भारदस्त नाव आणि सूत्र असते. ते मी नंतर सांगतो.

वाचकांनीही एवढे जरूर करावे. ‘हजारो रुग्ण बरे झाले’ अशी जाहिरात दिसली की तीन प्रश्न विचारावेत. कितीपैकी? कोणाच्या तुलनेत? आणि आपोआप किंवा योगायोगाने किती बरे झाले असते? उत्तर मिळाले नाही, तर पाकिटाला हात घालू नये.

आणि घरात कोणाला विंचू चावलाच, तर मंत्रतंत्रात वेळ घालवू नका. ओकाऱ्या, दरदरून घाम किंवा हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. त्यांची वाट न पाहता, विशेषतः लहान मुलाला, तडक जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. दहातले नऊ बरे होत असतीलही. आपले माणूस दहावे आहे की नाही, हे आधी कोणालाच कळत नाही.