घरमालक दुरुस्ती करीत नसेल तर भाडेकरूने काय करावे?

भाड्याची जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. मात्र करारात वेगळे ठरले असल्यास करार आधी वाचावा लागतो.

पहिली पायरी नोटिशीची. गळके छप्पर, तुटलेली मोरी, खचलेला जिना असा नेमका तपशील देऊन किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी. चाळीतले भाडेकरू ती एकत्रही देऊ शकतात. त्यानंतर वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा किंवा मालकाकडून वसूल करावा. प्रत्येक पावती जपून ठेवावी, कारण हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा ठरतो.

कायद्याची खरी उणीव पुढे आहे. एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त रक्कम वळती करता येत नाही. महिना 300 रुपये भाडे असेल, तर वर्षाला फक्त 900 रुपये. एवढ्यात छपराचे पत्रेही बदलत नाहीत! जुन्या, कमी भाड्याच्या घरांत हा हक्क म्हणूनच अपुरा पडतो.

दुरुस्तीच्या वादात भाडे पूर्णपणे थांबवणे धोक्याचे आहे; थकबाकीवरून मालक ताब्याचा दावा लावू शकतो. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करता येतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना मात्र कलम 14 नव्हे, करारच आधार देतो.