रविवारचा नारिंगी उंदीर

पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनचे दोन टप्पे पूर्ण करून मी कोलोनला आले. तरी बेकरीतली बाई काय विचारतेय, ते कळेना. पहिल्या हिवाळ्यात तीन वर्षांच्या लेकीला घेऊन टीव्हीसमोर बसू लागले, आणि बोलतं जर्मन मला तिथे भेटलं. त्यातून हाती लागलेल्या या काही गोष्टी.

१. निवेदक असलेल्या कार्टूनपासून सुरुवात करावी. आपली पेपा पिग तिथे 'पेपा वुट्स' होते. भाग जेमतेम पाच मिनिटांचा, आणि जे दिसतं तेच निवेदक सांगतो. लेक एकच भाग दहादा बघायची, मीही बघितला. पहिल्यांदा नुसता आवाज येतो. चौथ्या-पाचव्या खेपेला त्यातून शब्द सुटे व्हायला लागतात.

२. 'डॉख' हा शब्द मला वर्गात कळलाच नव्हता. कार्टूनमधली आई म्हणते, दात घासले नाहीस! पिल्लू म्हणतं, "डॉख!" म्हणजे आपलं 'घासलेत की!' तसंच 'कॉम माल'मधलं 'माल' म्हणजे 'ये ना'मधला 'ना'. मराठीतले की, ना, च, तर वगळून आपण घरात एक वाक्य तरी बोलतो का? जर्मन घरातही तसंच आहे. माझ्या वहीत नामांच्या याद्या होत्या, हे चिमुकले शब्द नव्हते. माणसं बोलतात ती त्यांच्याच आधाराने.

३. तो-ती-ते आपल्याला परकं नाही, पण मराठीवरून अंदाज बांधू नये. जर्मनमध्ये सूर्य 'ती' आहे आणि मुलगी 'ते'. लेक प्रत्येक शब्द त्याच्या डेअर-डी-दास, म्हणजे तो-ती-ते, यांच्यासकटच उचलायची. मी तक्ते मिटले आणि तिच्यासारखं ऐकू लागले.

४. सबटायटल्स जर्मनच ठेवावीत.

५. रविवारी सकाळी 'माउस' चुकवू नये. १९७१पासून चालू असलेला हा कार्यक्रम. नारिंगी उंदीर स्वतः एक शब्द बोलत नाही, पण टूथपेस्टमध्ये पट्टे कसे येतात, हे छोट्या छोट्या वाक्यांत उलगडून सांगितलं जातं. सुरुवातीला आजचे विषय आधी जर्मनमध्ये, मग दुसऱ्या एखाद्या भाषेत सांगतात. परदेशातून आलेल्या कामगारांच्या मुलांसाठी ही प्रथा पडली, हे समजलं तेव्हा मला भरून आलं. आपल्यासारख्यांचाही विचार कुणीतरी केला होता.

६. कार्टूनमध्ये सगळे एकमेकांना 'डू', म्हणजे अरे-तुरे करतात. जिन्यात भेटलेल्या शेजारच्या आजोबांनाही मी 'डू' म्हणाले. त्यांचा चेहरा आक्रसला. त्यांना मी किती दुखावलं, ते घरी येऊन कळलं आणि दुसऱ्या दिवशी माफी मागून आले. 'झी', म्हणजे अहो-जाहो, दुकानात, दवाखान्यात मोठ्यांचं बोलणं ऐकूनच शिकावं लागतं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला टीव्हीवर झांटमेनशेन, म्हणजे वाळूवाला छोटा माणूस, येतो, वाळू शिंपडून पोरांना झोपवतो. मग मी भांडी घासताना दिवसभरातलं एक वाक्य मोठ्याने म्हणते. आतून पांघरुणातला आवाज येतो, "आई, डेअर नाही, दास!"