तीनचाकीचे मागचे टायर रुंद करावे काय?

(ऊस विकास विभागाकडून)



बेणे, खताची पोती, औषधाचे डबे बांधावर पोचवायला मालवाहू तीनचाकी आता पुष्कळ सभासदांच्या दारात आहे. बजाज टेम्पो कंपनीने १९५८ साली तीनचाकी टेम्पो बनवायला सुरुवात केली आणि पुढे 'टेम्पो' हे सगळ्याच छोट्या मालगाड्यांचे नाव होऊन बसले. पावसात गाडी रुतली, की मागचे टायर रुंद टाकावेत असे मनात येते. टायरवालाही सांगतो, "रुंद टाका. गाडी रुतणार नाही, माल जास्त बसेल, उलटायची भीती नाही." या तीन गोष्टींपैकी पहिली अर्धी खरी आहे. उरलेल्या दोन खऱ्या नाहीत. पैसे मोजण्यापूर्वी हे समजून घ्यावे.

टायरवरचे आकडे

४.००-८ या मापात पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचात. थोड्या मोठ्या मालवाहू गाडीला ४.५०-१० असते. शेजारी ६ पीआर, ८ पीआर असे लिहिलेले असते, ते टायरच्या मजबुतीचे माप. वजन किती पेलेल हे नुसत्या रुंदीवर ठरत नाही. मजबुती आणि आतली हवा यांवरही ते अवलंबून असते.

गाडी रुतणे

एक ठोकळ हिशेब करू. एका मागच्या चाकावर २५० किलो भार आहे आणि हवा चौरस सेंटिमीटरला २.५ किलो, म्हणजे सुमारे ३५ पौंड आहे. तर चाक जमिनीला साधारण १०० चौरस सेंटिमीटर टेकते. अरुंद टायरचा ठसा ८ सें.मी. रुंद आणि साडेबारा सें.मी. लांब पडेल. तितकीच हवा भरून रुंद टायर घातला, तर ठसा १० बाय १० होईल. आकार बदलला, पण क्षेत्र तेवढेच राहिले, आणि जमिनीवरचा दाबही तेवढाच! हवा २ किलोवर (सुमारे २८ पौंड) आणली, तर ठसा १२५ चौरस सेंटिमीटर होतो आणि दाब उतरतो. म्हणजे फायदा रुंदीमुळे कमी हवा चालते म्हणून होतो. पण किती भाराला किती हवा हे टायर कंपनीच्या तक्त्यातच पाहावे, मनाने हवा कमी करू नये.

ठसा स्वतः मोजून पाहा. फरशीवर भरली गाडी उभी करून चाकाभोवती चुना भुरभुरवा आणि गाडी पुढे घ्या. मध्ये कोरी राहिलेली जागा हाच ठसा.

जमीन पाहून ठरवा

चिपळूण तालुक्यातले सावर्डे घ्या. तिकडे पाऊस दांडगा, पण जमीन जांभ्याची. वरती चिखलाचा पातळ थर आणि खाली कठीण कातळ असला, की अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थराला धरतो. रुंद टायर तिथे चिखलावर तरंगून घसरू शकतो. आपल्या काळ्या रानात चिखलाला तळच लागत नाही, तिथे कमी हवेचा रुंद टायर थोडी मदत करतो. मात्र वाफसा नसताना कोणतेच चाक सरीत घालू नका. माती दाबली गेली की मुळांशी हवा खेळत नाही आणि खोडव्याचे फुटवे मार खातात.

जास्त माल आणि उलटणे

टायर बदलला म्हणून चासी, स्प्रिंगा, बेअरिंग आणि ब्रेक बदलत नाहीत. गाडीची वहनक्षमता नोंदणीत लिहिलेली असते तेवढीच राहते. उलट टायर मोठा झाला की चाकही मोठे होते. समजा १६ इंचाचे चाक १७ इंचाचे झाले, तर चढावरची ओढ आणि उतारावरची ब्रेकची पकड दोन्ही शेकडा सहाच्या आसपास कमी पडतात. कराडकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-सावर्ड्याकडे वैरण नेणाऱ्याने हा हिशेब विसरू नये.

तीनचाकीचा पाया त्रिकोणी असतो. वळणावर ती पुढचे चाक आणि बाहेरच्या बाजूचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या रेषेवर कलते. अर्धा इंच रुंदीने पाया फारसा वाढत नाही, मात्र हौदा वर उचलला जातो. उलटणे टाळायचे तर जड माल तळाला आणि मागच्या आसाच्या थोडा पुढे ठेवा, वरती रचू नका आणि वळणाआधी वेग उतरवा.

बसविण्यापूर्वी तपासा

१) रिमची रुंदी त्या टायरला चालते का? अरुंद रिमवर रुंद टायर फुगतो आणि वळणावर डुलतो.

२) भरल्या गाडीत मडगार्ड, स्प्रिंग आणि सायलेन्सरपासून अंतर राहते का? काळी चिकण माती त्या फटीत भरून चाक जाम होते.

३) चाक बाहेर काढण्यासाठी मध्ये वायसर-तुकडे घालू नका. बेअरिंगवर वाकडा भार येतो.

४) मूळ गाडीत एकच स्टेपनी तिन्ही चाकांना चालत असेल, तर ती सोय जाते.

५) मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचे मापही असते. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडू शकतो. म्हणून आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारा.

६) दोन तुकड्यांच्या रिमचे बोल्ट ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय खोलू नका. रिम उडून माणूस दगावू शकतो.

मग करावे काय?

बहुतेकांना मूळ मापाचा, खोल नक्षीचा नवा टायर पुरेल. त्यासोबत शेतरस्त्याला मुरूम आणि कडेला चर हवा. दहा पोत्यांची एक खेप करण्याऐवजी पाच-पाचच्या दोन करा. डिझेल थोडे जास्त जाईल, पण गाडी, बांध आणि माणूस तिन्ही शाबूत राहतील. शेतरस्त्याच्या कामाबाबत काही विचारायचे असल्यास गट कार्यालयात यावे.